बॅनर कशामुळे उतरतो? कॉलेज खेळाडूंचं मैदानाबाहेरचं वागणं आणि संघाची पत

फेब्रुवारी २०१८ मध्ये अमेरिकेतल्या केंटकी राज्यातल्या लुइव्हिल विद्यापीठाने आपल्या बास्केटबॉल स्टेडियमच्या छताला टांगलेला एक बॅनर उतरवला. तो २०१३ च्या राष्ट्रीय विजेतेपदाचा होता. २०११-१२ ते २०१४-१५ या चार हंगामांतले १२३ विजय रेकॉर्डमधून पुसले गेले आणि त्यांच्याबरोबर ते विजेतेपदही गेलं. कारण असं की संघाच्या एका कर्मचाऱ्याने खेळाडूंच्या वसतिगृहात पैसे मोजून नाचणाऱ्या बायका आणि वेश्या आणल्या होत्या. त्या पार्ट्यांना संघात भरती व्हावी म्हणून भेटीला बोलावलेली शाळकरी मुलंही होती.

आता दुसरं टोक बघा. टेक्सासच्या बेलर विद्यापीठात फुटबॉल खेळाडूंवरच्या बलात्काराच्या आणि मारहाणीच्या तक्रारी वर्षानुवर्षं नीट हाताळल्याच गेल्या नाहीत. २०१६ मध्ये बाहेरच्या वकिलांनी चौकशी केली. त्यानंतर हेड कोच गेला, क्रीडा संचालक गेला, विद्यापीठाच्या अध्यक्षांनाही पद सोडावं लागलं. पण कॉलेज खेळांची नियामक संस्था एनसीएएने ऑगस्ट २०२१ मध्ये निकाल दिला, तेव्हा या मुख्य प्रकरणासाठी तिने संघाला शिक्षा केली नाही. इतर उल्लंघनांबद्दल चार वर्षांचं प्रोबेशन, म्हणजे देखरेखीचा काळ, थोडा दंड आणि भरतीवर काही मर्यादा घातल्या.

पार्ट्यांसाठी राष्ट्रीय विजेतेपद जातं आणि बलात्काराच्या तक्रारी दाबल्याबद्दल काहीच जात नाही, हे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वेड्यासारखं वाटतं. पण त्यामागे एक यंत्रणा आहे आणि ती समजून घेता येते.

एनसीएए म्हणजे पोलीस नव्हे

आधी शब्दांचा घोळ मिटवू. अमेरिकेत ‘प्रोग्राम’ म्हणजे नुसता संघ नव्हे. कोच, सहायक कोच, भरतीची माणसं, ट्रेनर, देणगीदार, माजी खेळाडू आणि टीव्हीचा करार मिळून प्रोग्राम होतो.

आपल्याकडच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांवरून याचा अंदाज येणार नाही. मार्च महिन्यातल्या पुरुषांच्या बास्केटबॉल स्पर्धेच्या प्रक्षेपण-कराराला २०१६ मध्ये मुदतवाढ मिळाली, तिची रक्कम आठ वर्षांसाठी ८८० कोटी डॉलर आहे. या स्पर्धेत अंतिम सामना सोडून संघ जितके सामने खेळतो, तितके ‘युनिट’ त्याच्या परिषदेच्या खात्यात जमा होतात. परिषद म्हणजे एकमेकांशी नियमित खेळणाऱ्या विद्यापीठांचा गट. एका युनिटचे सहा वर्षांत मिळून साधारण २० लाख डॉलर होतात. म्हणजे एकोणीस वर्षांच्या एका मुलाने सामन्याच्या आदल्या रात्री काय केलं, याच्याशी शेजारच्या राज्यातल्या विद्यापीठाचाही पैसा बांधलेला असतो.

एनसीएए ही विद्यापीठांनीच मिळून उभी केलेली संघटना आहे. तिचं नियमांचं पुस्तक जाडजूड आहे, पण त्याचा रोख तीन गोष्टींवर आहे: खेळाडू खेळायला पात्र आहे का, त्याला नियमाबाहेरचा फायदा मिळाला का, आणि भरती नियमाने झाली का. ‘खेळाडूने गुन्हा केला तर संघाला अमुक शिक्षा’ असं कलम त्यात नाही. लुइव्हिलमध्ये त्या बायकांवर झालेला खर्च खेळाडूंना आणि भरतीच्या मुलांना मिळालेला ‘बेकायदा फायदा’ ठरला. फायदा घेतलेला खेळाडू अपात्र, अपात्र खेळाडू खेळलेला सामना रद्द, म्हणून १२३ विजय गेले. बेलरच्या बाबतीत समितीचं म्हणणं असं पडलं की तक्रारी न हाताळण्याची बेफिकिरी सगळ्याच कॅम्पसवर होती, ती फक्त खेळाडूंना दिलेली खास सवलत नव्हती. गैरव्यवस्था सगळीकडे सारखीच होती म्हणून शिक्षा नाही, हा तर्क कायद्याच्या चौकटीत बसतो, पण घशाखाली उतरत नाही.

बेलरला दणका बसला तो दुसरीकडून. तिच्या परिषदेने, बिग ट्वेल्व्हने, २०१७ मध्ये तिच्या वाट्याच्या पैशांतला चौथा हिस्सा रोखून धरला. सुधारणा खरंच झाल्याची खात्री पटल्यावर २०१८ मध्ये २० लाख डॉलर दंड कापून बाकीचे सोडले.

एकाच रात्रीची तीन प्रकरणं

समजा, रात्री दोन वाजता गावातल्या बारबाहेर एका खेळाडूला अटक झाली. सकाळपर्यंत त्याच्यावर तीन वेगवेगळ्या वाटा सुरू होतात, आणि संघांचा बहुतेक गोंधळ या तीन वाटा एक समजण्यातून होतो.

पहिली वाट फौजदारी. ती पोलीस आणि सरकारी वकील चालवतात, गुन्हा वाजवी संशयापलीकडे सिद्ध व्हावा लागतो आणि दोन-दोन वर्षं जातात. दुसरी वाट विद्यापीठाच्या शिस्त विभागाची. लैंगिक तक्रार असेल तर तिथे टायटल नाइन या १९७२ च्या कायद्याखाली नेमलेला समन्वयक येतो. इथे बहुतेक ठिकाणी ‘असं घडलं असण्याची शक्यता न घडण्यापेक्षा जास्त आहे का’ एवढंच बघतात. म्हणून एकच मुलगा कॅम्पसवर दोषी आणि न्यायालयात निर्दोष ठरू शकतो, त्यात विसंगती काहीच नाही. तिसरी वाट संघाच्या नियमांची, आणि ती पूर्णपणे कोचच्या हातात असते. ‘अनिश्चित काळासाठी निलंबित’ हे शब्द या तिसऱ्या वाटेवरचे. त्यांना कायदेशीर वजन नाही. निलंबन तीन महिन्यांचंही असू शकतं आणि दुबळ्या प्रतिस्पर्ध्याविरुद्धच्या एका सामन्यापुरतंही. निवेदनात फक्त ‘संघाच्या नियमांचा भंग’ लिहिलेलं असेल आणि परतीची अट दिलेली नसेल, तर जाणकार वार्ताहर आधी पुढच्या सामन्यांचं वेळापत्रक उघडतो.

स्कॉलरशिपचं मात्र वेगळं आहे. कोच रागाच्या भरात मुलाला सराव बंद करू शकतो, पण चालू वर्षाची स्कॉलरशिप गैरवर्तनासाठी एकट्याने काढून घेऊ शकत नाही. इतर विद्यार्थ्यांसाठी जो शिस्त विभाग असतो, त्यानेच गंभीर गैरवर्तन ठरवावं लागतं, आणि मुलाला क्रीडा विभागाबाहेरच्या समितीपुढे अपील करण्याचा हक्क असतो. ही पायरी गाळून स्कॉलरशिप काढली की मूळ प्रकरणाच्या जोडीला खेळाडूचा दावा उभा राहतो.

पहिल्या दिवशी खरं काम कुणाचं? बहुतेक विद्यापीठांच्या नियमांत कोच हा ‘कळवायला बांधील’ कर्मचारी असतो. लैंगिक हिंसेची तक्रार कानावर आली की त्याने ती समन्वयकाला कळवायची आणि बाजूला व्हायचं. मुलाला केबिनमध्ये बोलावून ‘खरं काय ते सांग’ म्हणायचं नाही. तक्रारदार मुलीला किंवा तिच्या घरच्यांना फोन तर अजिबात करायचा नाही. चांगला, वडीलधारा, मुलांना पोटच्या पोरासारखं मानणारा कोच इथे हमखास घसरतो. त्याला वाटतं आपण बोलून मिटवू. बेलरच्या चौकशीत हेच निघालं: क्रीडा विभागाच्या माणसांनी प्रशिक्षण नसताना स्वतःच विचारपूस केली आणि पुढे कळवलं नाही. त्यातून फुटबॉल संघ नियमांच्या वर आहे, असा समज पसरला. बलात्काराच्या तक्रारीची खातरजमा आरोपीच्या कोचने करणं म्हणजे चोरीचा पंचनामा चोराच्या मामाने करण्यासारखं आहे.

फोनचंही ध्यानात ठेवायला हवं. सरकारी विद्यापीठातल्या कोचचे कामाचे मेसेज अनेक राज्यांत माहिती अधिकारासारख्या कायद्याखाली मागता येतात. खासगी विद्यापीठ त्यातून सुटतं, पण दिवाणी दावा लागला की तेच मेसेज वकिलांपुढे ठेवावे लागतात. ‘हे आपल्यातच राहू दे’ असा एक मेसेज दोन वर्षांनी मथळा होऊन परत येतो.

आणि ‘विद्यार्थ्यांच्या गोपनीयतेच्या कायद्यामुळे आम्ही बोलू शकत नाही’ हे नेहमीचं वाक्य अर्धं खरं आहे. १९७४ चा फर्पा कायदा शैक्षणिक नोंदी झाकतो. पोलिसांची अटकेची नोंद त्यात येत नाही. हिंसक गुन्ह्याच्या आरोपात विद्यार्थी दोषी ठरला, तर शिस्त विभागाचा अंतिम निकाल जाहीर करायलाही हा कायदा मुभा देतो. मुभा असते, सक्ती नसते, एवढ्या फटीत बरीच विद्यापीठं लपतात.

पत मोजणारे वेगवेगळे असतात

संघाची ‘पत’ गेली असं आपण एका शब्दात म्हणतो. पण ती मोजणारे निदान पाच जण असतात: प्रवेशाला अर्ज करणारे सामान्य विद्यार्थी, भरतीचे खेळाडू आणि त्यांचे आईबाप, देणगीदार, प्रायोजक आणि न्यायालय. ते एकाच वेळी नाराज होत नाहीत.

अर्ज करणाऱ्यांचं मोजमाप झालेलं आहे. हार्वर्ड बिझनेस स्कूलमधून निघालेल्या एका अभ्यासाने २००१ ते २०१३ या काळातली शंभर आघाडीच्या विद्यापीठांची प्रकरणं तपासली. त्यात फक्त खेळाडूंची नव्हे, सगळ्याच प्रकारची प्रकरणं होती. ज्या प्रकरणावर मासिकात मोठा, सविस्तर लेख आला, त्यानंतरच्या वर्षी अर्ज सुमारे १० टक्के घटले, म्हणजे देशाच्या क्रमवारीत दहा पायऱ्या घसरल्यासारखंच. कमी गाजलेल्या प्रकरणांनी एवढं होत नाही. उलट बाजूचाही आकडा त्याच संस्थेतल्या दुसऱ्या अभ्यासात आहे: मध्यम फुटबॉल संघ उत्कृष्ट झाला की अर्ज १८.७ टक्के वाढतात. हे दोन आकडे शेजारी ठेवले की कुलगुरू कोचपुढे नरम का पडतात ते कळतं.

भरतीचे खेळाडू मात्र निराळ्याच तराजूने मोजतात. जानेवारी २०२३ मध्ये टस्कलूसा गावात एका २३ वर्षांच्या तरुण आईचा गोळीबारात मृत्यू झाला आणि अलाबामाच्या बास्केटबॉल संघातल्या एका खेळाडूवर खुनाचा आरोप ठेवला गेला. त्याला संघातून लगेच काढलं. पुढच्या महिन्यात न्यायालयात पोलिसांच्या साक्षीत आलं की ते पिस्तूल संघाचा सगळ्यात मोठा खेळाडू ब्रँडन मिलर याच्या गाडीतून तिथे पोचलं होतं. मिलरवर कधीच आरोप ठेवला गेला नाही. त्याच दिवशी कोच नेट ओट्स पत्रकारांसमोर म्हणाले की तो चुकीच्या वेळी चुकीच्या जागी होता. एका बाईचा जीव गेला होता, त्यामुळे हे वाक्य भयंकर लागलं आणि रात्रीपर्यंत त्यांनी माफीचं निवेदन काढलं. दुसऱ्या दिवशी मिलरने साउथ कॅरोलायनाविरुद्ध ४१ गुण काढले. त्यानंतरच्या घरच्या सामन्यात खेळाडूंची नावं पुकारताना एका सहकाऱ्याने नेहमीप्रमाणे त्याची अंगझडती घेतल्यासारखी नक्कल केली, आणि ती चित्रफीत देशभर फिरली. हंगामाच्या सुरुवातीपासून चाललेली ती गंमत होती म्हणे. कुणाला थांबवायचंही सुचलं नाही, हीच गोष्ट अधिक बोचते.

इतकं होऊनही अलाबामाला त्या वर्षीच्या स्पर्धेत अव्वल मानांकन मिळालं आणि २०२४ मध्ये संघ इतिहासात पहिल्यांदा अंतिम चारांत पोचला. पत गेली की संघ बुडतो, असा सरळ हिशेब नाही. जिंकणाऱ्या संघाला बराच काळ उसनी पत मिळत राहते.

हरणाऱ्या किंवा छोट्या संघाला ती मिळत नाही. न्यू मेक्सिको स्टेटचा संघ नोव्हेंबर २०२२ मध्ये अल्बुकर्कीला सामन्यासाठी गेला होता. पहाटे एक खेळाडू हॉटेलबाहेर पडला. दुसऱ्या विद्यापीठाच्या मुलांनी त्याला फसवून बोलावून घेतलं होतं. गोळीबार झाला, तो जखमी झाला आणि त्याच्या गोळीने एक विद्यार्थी मेला. स्वसंरक्षण म्हणून त्याच्यावर आरोप झाला नाही. पण रात्री बाहेर न पडण्याचा संघाचा नियम कुणी पाहत नव्हतं, आणि दौऱ्यावर बंदूक होती. परतीच्या वाटेवर पोलिसांनी संघाची बस अडवली. फेब्रुवारी २०२३ मध्ये त्याच संघात सहकाऱ्यांनी एका खेळाडूवर अत्याचार केल्याची तक्रार आली. विद्यापीठाने उरलेला हंगामच रद्द केला आणि दोन दिवसांत कोचला काढलं. जूनमध्ये दोन खेळाडूंशी झालेल्या तडजोडीत ८० लाख डॉलर ठरले. नोव्हेंबरमध्ये रात्रीच्या हजेरीची ढिलाई कळली होती. तेव्हाच संघाच्या खोल्यांमध्ये आणखी काय चालतं ते कुणी तपासलं असतं, तर आठ दशलक्षांपैकी बरेच वाचले असते.

शिक्षा भलत्यालाच

एपीआर (अकॅडमिक प्रोग्रेस रेट) नावाचा, संघाचा अभ्यास मोजणारा एक आकडा आहे, तो सामान्य वाचकापर्यंत पोचत नाही. प्रत्येक स्कॉलरशिपवाल्या खेळाडूला दर सत्राला दोन गुण मिळतात: एक अभ्यासात पात्र राहिल्याबद्दल, एक विद्यापीठात टिकल्याबद्दल. तेरा खेळाडू धरले तर वर्षाच्या दोन सत्रांचे ५२ गुण. वर्षाअखेरीस एक जण नापास होऊन, काढून टाकला जाऊन गेला, तर दोन्ही गुण बुडतात: ५० भागिले ५२, गुणिले हजार, म्हणजे ९६२. असे दोन गेले तर ४८ भागिले ५२, म्हणजे ९२३. स्पर्धेत खेळायची किमान मर्यादा ९३० आहे. हिशेब चार वर्षांच्या सरासरीवर होतो म्हणून एका वर्षात गळा आवळला जात नाही. पण बास्केटबॉलचा संघ लहान असल्यामुळे दोन बेशिस्त मुलांचा भार उरलेल्या अकरा जणांवर पडतो.

लुइव्हिलने तर फेब्रुवारी २०१६ मध्ये, एनसीएए काही म्हणायच्या आधीच, स्वतःहून त्या वर्षीच्या स्पर्धेतून माघार घेतली. स्वतःहून शिक्षा घेतली की पुढची शिक्षा हलकी होते, असा तो हिशेब असतो. त्या संघात डॅमियन ली आणि ट्रे लुइस हे दोन खेळाडू होते. दुसऱ्या विद्यापीठांतून पदवी घेऊन ते शेवटचं एकच वर्ष खेळायला आले होते, मार्चची स्पर्धा मिळावी म्हणून. पार्ट्या झाल्या तेव्हा दोघंही लुइव्हिलमध्ये नव्हते.

घाईही महागात पडते

यावरून ‘आरोप झाला की सगळ्यांना हाकला’ असा निष्कर्ष काढणाऱ्यांनी ड्यूक विद्यापीठाचा २००६ चा लॅक्रॉस संघ आठवावा. मार्चमधल्या एका पार्टीनंतर बलात्काराचा आरोप झाला. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात विद्यापीठाने हंगाम रद्द केला आणि कोचला राजीनामा द्यावा लागला. वर्षभराने, ११ एप्रिल २००७ ला, राज्याच्या महाधिवक्त्यांनी आरोप मागे घेऊन तिन्ही खेळाडू निर्दोष असल्याचं जाहीर केलं. खटला रेटणाऱ्या सरकारी वकिलाची सनद गेली. ड्यूकने तिघांशी तडजोड केली. तात्पुरतं निलंबन आणि दोष ठरवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि निवेदनात कोणता शब्द कधी वापरायचा हे वकिलाने आधीच लिहून ठेवलेलं बरं.

हेझिंग, म्हणजे आपल्याकडचं रॅगिंग, यात मात्र लपवाछपवीची सोय आता कमी होत चालली आहे. महाराष्ट्राने रॅगिंगविरोधी कायदा १९९९ मध्येच केला. अमेरिकेत देशपातळीवर कॉलेजांना हेझिंगच्या घटना जाहीर करायला लावणारा कायदा डिसेंबर २०२४ मध्ये झाला. त्याआधीचा नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाचा नमुना बोलका आहे. ७ जुलै २०२३ ला फुटबॉल कोचला दोन आठवड्यांचं निलंबन जाहीर झालं, शुक्रवारी, उन्हाळ्याच्या सुटीत. शनिवारी विद्यार्थ्यांच्याच दैनिकाने माजी खेळाडूची तपशीलवार हकीकत छापली. सोमवारी कोच बडतर्फ. पुढे त्याने बडतर्फीवर दावा लावला आणि २०२५ मध्ये तडजोड झाली. म्हणजे आधी फार हलकी शिक्षा, मग तीन दिवसांत फार जड, आणि दोन्हींचा खर्च विद्यापीठावर.

मुलांना तिकडे शिकायला पाठवणाऱ्या आईबापांना यातलं एक साधन फुकट मिळतं. प्रत्येक विद्यापीठाला दरवर्षी १ ऑक्टोबरपर्यंत कॅम्पसवरच्या गुन्ह्यांचा सुरक्षा अहवाल प्रसिद्ध करावा लागतो, आणि आता हेझिंगचा वेगळा अहवालही. त्यात लैंगिक तक्रारींचा आकडा वर्षानुवर्षं शून्य दिसला, तर खुश होऊ नका. वीस हजार विद्यार्थ्यांच्या कॅम्पसवर शून्य म्हणजे बहुधा कुणी नोंदच करत नाही.

उतरलेला बॅनर परत चढायला किती वर्षं लागतात

याचं उत्तर पुन्हा बेलरमध्येच आहे, पण बास्केटबॉल संघात. जून २००३ मध्ये पॅट्रिक डेनेही हा खेळाडू बेपत्ता झाला. त्याचा खून सहकारी खेळाडूने केला होता. त्याला पुढे ३५ वर्षांची शिक्षा झाली. खुनाशी कोच डेव्ह ब्लिस यांचा काही संबंध नव्हता. पण डेनेहीची फी त्यांनी नियम मोडून भरली होती, आणि तपासात ते उघड होणार होतं. म्हणून त्यांनी खेळाडूंना आणि सहायकांना सांगायला सुरुवात केली की डेनेही ड्रग्ज विकून फी भरत होता असं म्हणा. मेलेला मुलगा उलटून बोलणार नव्हता. सहायक कोच एबार राउज यांनी हे बोलणं टेपवर घेतलं.

ऑगस्टमध्ये ब्लिस गेले. संघातले तीन चांगले खेळाडू दुसऱ्या विद्यापीठांत निघून गेले. २००५-०६ मध्ये बेलरला परिषदेबाहेरचा एकही सामना खेळू दिला नाही, म्हणजे जवळजवळ अर्धा हंगाम बाद. नवे कोच स्कॉट ड्रू यांना मार्चच्या स्पर्धेत पोचायला २००८ उजाडलं आणि राष्ट्रीय विजेतेपदाला २०२१.

ब्लिस यांच्यावर एनसीएएने दहा वर्षांचे निर्बंध घातले. ते संपत आले तेव्हा, २०१४ मध्ये, ओक्लाहोमातल्या एका छोट्या ख्रिस्ती विद्यापीठाने त्यांना हेड कोच म्हणून घेतलं. टेप करणाऱ्या राउज यांना मात्र पहिल्या श्रेणीच्या कॉलेज बास्केटबॉलमध्ये पुन्हा कोचची नोकरी मिळाली नाही. आज कुठल्याही संघातला सहायक कोच रात्री काहीतरी ऐकतो आणि ते कुणाला सांगायचं याचा विचार करत बसतो, तेव्हा त्याला हे दोन्ही माहीत असतं.